उदगीरहून आलेल्या गोळ्या

उदगीरहून निघाले त्या सकाळी, शकूअक्का, तू माझ्या पिशवीत शेंगाचटणी कोंबलीस आणि बजावलंस, "हैदराबाद मोठं गाव आहे. खरं-खोटं बघून घेत जा." ह्यांना जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा न्यायला आला होता. मी मान डोलावली. एवढी आज्ञाधारक मी दुसऱ्या कशातच नव्हते.

चिक्कडपल्लीत मुलाच्या घरी पाऊल टाकलं आणि तपासणी सुरू. दूध पातळ, हळद रंगवलेली, लिफ्टमधली शेजारीण उगीच हसणारी. ह्यांच्यामागं मन खचून गेलं, तेव्हा उदगीरच्या डॉक्टरांनी लावून दिलेली गोळी तेवढी खरी. इथंही तीच मिळायची. कितीतरी वर्षं इमानानं चालली आणि गेल्या वर्षी चालेनाशी झाली. उठावंसं वाटेना. हातातला चहा गार होऊन जायचा.

माझं निदान तयार होतं. हैदराबादची गोळी बनावट! नाहीतर सूनबाई डबीत दुसरंच काही भरते. सुनीता बिचारी पाण्याचा पेला घेऊन उभी, आणि मी शहाणी, गोळी खिडकीशी नेऊन उजेडात निरखतेय. काय दिसणार होतं, कपाळ?

शेवटी तुला फोन केला. तू डॉक्टरांची जुनी चिठ्ठी दाखवून आपल्या चौकातून तीच गोळी आणलीस आणि भाकऱ्यांच्या डब्यात घालून एसटीच्या कंडक्टरकडं दिलीस. दोन महिने इथली गोळी उशीच्या अभ्र्यात आणि उदगीरची पोटात. म्हटलं, आता बघा!

बघण्यासारखं काही झालंच नाही. चहा तसाच गार होत राहिला. तेव्हा मात्र मी घाबरले. गोळी खरी, दुकान खरं, सून खरी. मग खोट होती ती माझ्यातच?

हे कुणाला सांगणार? एक दिवस नात मुक्ता येऊन चिकटली. "आजी, लिफ्टवाल्या आंटीला तू कित्ती दिवस नावं नाही ठेवलीस. ऐसा नक्को ना, मला भीती वाटते."

मी उठले आणि सुनीतासमोर अभ्रा रिकामा केला. तिनं गोळ्या गोळा केल्या. "आई, मला विचारायचं तरी," एवढंच म्हणाली आणि डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाई म्हणाल्या, "अम्मा, गोली असलीच है, नकली नहीं. कभी कभी बरसों बाद असर कम हो जाता. आपकी गलती नक्को समझो. बदलेंगे."

जुनी हळूहळू कमी, नवी हळूहळू सुरू. नवी पिवळी! पिवळ्या गोळीवर माझा विश्वास बसायचा कसा? सुरुवातीला मळमळलं, चक्कर आली, सुनीतावरचा संशय पुन्हा जागा झाला. पण या खेपेला लपवालपवी केली नाही. प्रत्येक तक्रार थेट बाईंच्या कानावर घातली.

दीडेक महिन्यानं लिफ्टमध्ये ती शेजारीण हसली. घरात शिरता शिरता मी म्हटलं, "हिला दात दाखवायचा पगार मिळतो की काय?" सुनीताचा पोळी लाटणारा हात थांबला. मुक्ता आतून ओरडली, "मम्मी, आजी आली!"

अक्का, फोनवर विचारतेस, घरी कधी येणार. उदगीरला येईन, चटणी कुटून ठेव. पण घर म्हणशील, तर माझ्या कुचाळक्या थांबल्या म्हणून जिथं कुणाला भीती वाटली, ते.

गोळी मी अजून उजेडात धरून बघते. सुनीता आता पडदा बाजूला करून देते.