माझ्या हाताचं माप

सुनेच्या कॉम्प्युटरवर एक बाई फळीकडे हात वर करून उभी आहे. ती मीच आहे.

माझी सून वैशाली घरांचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम बनवते. ती म्हणते, "दर वर्षी नवं व्हर्जन येतं, आई. आता चित्रातल्या झाडांची पानंसुद्धा हलतात. पण फळीला म्हातारीचा हात पोचेल का, हे त्याला अजून कळत नाही." ते सांगणारा प्रोग्राम तिने लिहिला आणि त्यासाठी माप माझं घेतलं.

पडद्यावरच्या बाईचा हात फळीला सहज लागतो. माझा लागत नाही. म्हातारी म्हटलेलं मला झोंबलं होतं, म्हणून माप देताना मी पातळाआड टाचा उचलल्या. आता त्या मापाने कुठे कुठे स्वयंपाकघरं होतील आणि माझ्यासारख्या बायका डाळीच्या डब्यासाठी स्टुलावर चढतील. हलणाऱ्या पानांना मी कोणत्या तोंडाने हसू? मलाही त्यांच्यासारखं नुसतं छान दिसायचंच होतं.

"वैशाली, टेप आण. परत मोज."

"का हो आई, उंची वाढली की काय?"

"खाली बस आणि आधी माझ्या टाचा दाबून धर."