रविराजचा सरळ केलेला एक्सल

कोंढापुरी मागं पडली आणि अनिताच्या टाचेत खडी रुतायला लागली. संकष्टीला शिक्रापूरहून रांजणगावच्या गणपतीला अनवाणी चालत जायचं, हा तिचा नेम. एरवी गल्लीतल्या बायका असायच्या. आज सोबत एकट्या फरहतभाभी, आणि त्याही अनितानं फारच गळ घातली म्हणून. शेजारून कंटेनर गेला की दोघींचे पदर फडफडून अंगाला चिकटायचे आणि अनिता दर वेळी दचकून कडेच्या गवतात उतरायची.

"ताई, चपला घाला. देव काय तुमच्या टाचा तपासत बसणार हाय?"

"तुम्ही दर्ग्यात बूट घालून जाता व्हय?"

"दारात काढते. तीन गावं आधीपासनं न्हाई काढत." फरहतभाभी हसल्या, मग चालता चालताच म्हणाल्या, "काम काय हाय ते बोला. मघापासनं नुसता पदर चाळवताय."

अनितानं एकदाचं सांगून टाकलं. "रवी येईल तुमच्याकडं एक्सलला. त्याला न्हाई म्हणा. म्हणा, मिळतच न्हाई."

रविराज अनिताचा थोरला. कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी चार जाड चाकांच्या त्या शर्यतीच्या गाडीवर. मोटरसायकलसारखं हँडल, मातीच्या ढिगावरून उड्या मारायच्या. पोरं तिला एटीव्ही म्हणायची. मागच्या दोन चाकांना आरपार जोडणारा पोलादी दांडा म्हणजे एक्सल; एका उडीत गाडी वेडीवाकडी आपटली आणि तो वाकला. आता रवीला मूळ कंपनीचा नको होता. दुसऱ्या कंपनीचा, जास्त रुंद आणि जास्त दणकट हवा होता. असलं सामान या भागात फरहतभाभीच मागवून द्यायच्या.

भाभींचं माहेर शिरूरचं, सासर दौंडचं. नवरा मुजीब कुरकुंभच्या एका कंपनीत फिटर होता. पाळी सुटली की त्यालाही हाच नाद. एका उन्हाळ्यात उडीवरून उतरताना त्याचा एक्सल तुटला. मागचं चाक निखळून एकटंच पुढं पळत गेलं, आणि मुजीब मागं राहिला तो उठलाच नाही. माहेरच्यांना वाटलं, आता ही शिरूरला येऊन बसेल. भाभींनी शिक्रापुरात शटरचा गाळा घेतला आणि त्याच गाड्यांचं सामान विकायला ठेवलं. ज्या गाडीनं नवरा नेला तिच्यावरच ही जेवते, असं लोक बोलले. शेजारच्याच घरात राहणाऱ्या अनितालाही तेव्हा ते तसंच वाटलं होतं.

दुकानात भाभींची एक रीत होती. नवा एक्सल दोन लाकडी खाचांवर आडवा ठेवायचा, हातानं फिरवायचा आणि डोळा लावून बघत राहायचं. आणि जुना दुकानात आणून दिल्याशिवाय नवा हातात द्यायचा नाही. पोरं म्हणायची, भाभी भंगारसुद्धा सोडत नाहीत.

"मी न्हाई म्हणाले तर तो घरी बसंल?" भाभी म्हणाल्या. "दुसरीकडनं घेईल. न्हाईतर वाकडाच चालवंल. आन् रुंद मागतोय ते बरंच हाय, ताई. चाकं एकमेकांपासनं लांब असली की वळणावर गाडी उलटत न्हाई. फक्त दांडा चांगल्या पोलादाचा पाहिजे, आन् बेअरिंग जिथं बसतात ती घरंही नवी. असा बसवला तर मला रात्री झोप लागंल."

"आन् मला?"

"तुम्हाला कुठल्याच एक्सलनं लागायची न्हाई. आई हाय तुम्ही."

अनिता जरा दुखावली. मागायला गेले एक आणि ही बाई भलतंच पदरात घालते. ती तुटकपणे म्हणाली, "तुमचा नवा एक्सल येईल तवा येईल. तोवर रवीनं जुनाच सरळ करून आणलाय. उसाच्या ट्रॉल्यांचे एक्सल तो लोहार तापवून ठोकतो ना, त्याच्याकडनं. सुतासारखा सरळ झालाय म्हणे. आज सरावाला गेलाय दौंडकडं."

भाभी थांबल्या. चार पावलं पुढं गेल्यावर अनिताच्या ते लक्षात आलं. वळून बघितलं तर भाभींचा चेहरा राखेसारखा झालेला.

"फोन लावा त्याला."

"का? काय झालं?"

"ट्रॉली बैलाच्या चालीनं चालते, तिला चालतं. हा उड्या मारतो. तापवला की पोलादाची ताकद जाते, ताई. दिसायला सरळ दिसतो, आन् त्याच जागी मोडतो. लावा फोन."

अनितानं फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, तरी वाजतच राहिला. जे तिनं कधी पाहिलं नव्हतं ते तिला आता उन्हात लख्ख दिसायला लागलं. माळावरून एकटंच पळत सुटलेलं चाक.

थांबणं जास्त वाईट होतं, म्हणून दोघी चालत राहिल्या. अनिताच्या तोंडात अथर्वशीर्ष यायचं आणि मध्येच तुटायचं. पुढची ओळच आठवेना. भाभींचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, ओठ हलत होते. ट्रक येत होते, जात होते. अनिताला आता त्यांची भीती वाटेनाशी झाली होती. ती कडेला सरकत नव्हती. भाभीच तिला दंडाला धरून आत ओढत होत्या.

फोन वाजला. नाव रवीचं होतं, आवाज मात्र दुसऱ्याच कुणाचा.

"काकू..."

अनिता तिथंच कडेच्या दगडावर बसली. भाभींनी तिच्या हातातून फोन घेतला. "कोण बोलतंय? रविराज कुठं हाय?"

"मी सुमित, त्याचा दोस्त. तो गाडीवर हाय, लायनीत उभा. मोबाईल माझ्याकडं दिलाय. इतके मिस कॉल बघितले म्हणून..."

"त्याला खाली उतरव. म्हणावं, फरहतमावशी बोलतेय, आई रस्त्यात बसलीय."

थोड्या वेळानं रविराजचा आवाज आला, मागं गाड्यांचा गोंगाट. "मावशी, आईला चक्कर आली का?"

"आई बरी हाय. लोहारानं जिथं तापवला तिथं डिझेल चोळ. फडक्यानं कोरडा पूस. मग मैदानावर रेघा मारायची पांढरी फक्की लाव, आन् बघ."

"एक्सलला पावडर? लग्न हाय का त्याचं?"

"लाव."

"अहो, एक फेरी मारून झाली. काही झालं न्हाई."

"लाव, बाळा."

भाभींनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. अनिता त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग पलीकडून आवाज आला तो अगदी खालचा. "मावशी, काळी रेघ उमटलीय. ओली."

"चिरेत मुरलेलं डिझेल वर आलंय. पूस, परत लाव."

"परत आली. निम्म्या दांड्याला वेढा हाय."

"गाडीवर बसू नकोस. ढकलत टेम्पोत घाल."

अनिता रडली नाही. तिनं चपला पिशवीतून काढल्या, हातात धरल्या आणि परत आत ठेवल्या. मग उठून चालायला लागली.

रांजणगावची कमान आली. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ भाभी बाकावर टेकल्या. "या दर्शन घेऊन. मी हितंच हाय." अनिता निघाली तसा त्यांनी तिचा हात धरला.

"मुजीबनं तो एक्सल भंगारवाल्याकडनं आणला होता. कुणीतरी सरळ करून, वर काळा रंग मारून विकलेला. नव्यासारखा दिसायचा. आधी कुणाच्या गाडीचा होता, मला कधीच कळलं न्हाई. ज्यानं तो भंगारात टाकला त्याच्या घरी पण म्हणाले असतील, बला टळली एकदाची." "नवा मी मागवते, चांगला बघून. पण रवी आज जुना काढंल आन् भंगारात देईल. तेवढा देऊ देऊ नका, ताई. तुम्ही स्वतः घेऊन या दुकानात. तुकडे करायला कटर मी चालवीन, तुम्ही फक्त दुसरं टोक धरा."