ओढ्याकाठचं विष

त्या उन्हाळ्यातला मोडनिंबजवळचा माळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असताना एका बाईचा फोन आला. माळावर लांडगी मरून पडली आहे, जवळ कावळेही मेलेत, एवढं सांगून नाव न देताच तिने फोन ठेवला.

डायरीला नोंद करून, वनरक्षकाला सोबत घेऊन आम्ही पोचलो. लांडगीच्या सडांत दूध होतं. म्हणजे पिल्लं जवळपास असणार. शेजारी अर्धवट खाल्लेलं करडू, त्याला कीटकनाशकाचा उग्र वास. लांडग्याला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. पंचनामा करताना दिसलं, की करडाची एक तंगडी सुरीने कापून नेली आहे. म्हणजे विषारी मांस आणखी कुठेतरी ठेवलेलं होतं. ते सापडेपर्यंत मी माळ बंद केला.

करडाच्या कानाची खाच पाहून वस्तीवरच्यांनी मालक ओळखला. पन्नाशीचा, शेळ्या राखणारा माणूस. ठाण्यात आणल्यावर करडू चोरीला गेलं, एवढंच तो म्हणत राहिला. हवालदाराचा आवाज चढला, तसं मी त्याला बाहेर पाठवलं. भ्यालेला माणूस ओरडण्याने आणखी मिटतो. मी शांतपणे कलमं समजावली, तेव्हा तो बोलला.

"सायेब, लांडग्याला कायदा हाय. माज्या शेळ्यांना न्हाय व्हय?"

त्याचा निम्मा कळप लांडग्यांनी नेला होता. भरपाईसाठी तो वन कार्यालयात वारंवार गेला, पण पंचनाम्याला कोणी आलंच नाही. मी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आज शेळ्या कोण राखतंय?

"बायको. कुत्रं हाय संगती."

माळ बंद असल्याने सगळी जनावरं ओढ्याकडे वळवली आहेत, हे मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो उभा राहिला.

"ओढ्याला करंजीखाली ठिवलंय. लवकर चला."

त्याला जीपमध्ये घेऊन आम्ही ओढा गाठला. ओढ्यात त्याची बायको कुत्र्याच्या गळ्यात पदराचा फास टाकून, सगळा जोर लावून त्याला मागे ओढत होती. मांस हातभर अंतरावर होतं. कुत्र्याने चावलेल्या तिच्या मनगटातून रक्त येत होतं. वनरक्षकाने मांस उचललं, तेव्हा कुठे तिने फास सोडला.

"फोन मीच केला," ती नवऱ्याला म्हणाली. "तिला पिल्लं हुती. मी बघितली हुती."

तो खाली बसला आणि तिचं मनगट धरून रडू लागला.

गुन्हा दाखल झाला. माळावरच्या गुहेत लांडगीची पिल्लं सापडली, त्यातलं एकच जगलं. तपासाच्या कागदांत मी त्याच्या भरपाईच्या अर्जांचीही नोंद केली, त्यावर वरिष्ठांनी जाब विचारला तरी. मेलेल्या लांडगीसाठी सरकारी गाडी तासाभरात पोचली होती, शेळ्यांसाठी ती कधीच निघाली नव्हती. निवृत्त होईपर्यंत, कुणाची शेळी लांडग्याने नेल्याची तक्रार आली, की मी त्याच दिवशी पंचनाम्याला माणूस पाठवत असे.