छप्पर न उघडणारं गाव

नेव्हिल ॲशवर्थ प्रत्येक लढाई हरायचा. का हरतो, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची घरं उघडत नसत.

इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅडेनशॉमध्ये मेथडिस्टांच्या छोट्या चर्चच्या, म्हणजे चॅपलच्या, मागे एक हॉल आहे. शनिवारी दुपारी तिथे लढाया होतात. लांब टेबलांवर हिरवं कापड अंथरायचं, त्याखाली पुस्तकं सरकवून टेकड्या करायच्या, वर बोटाच्या पेराएवढे रंगवलेले शिपाई मांडायचे आणि फासे टाकून एकमेकांना मारायचं. खेळणारे सगळे पोक्त लोक. एक पोस्टमन होता, एक प्लंबर, दोघं गिरणीतून निवृत्त झालेले. मी त्या हॉलच्या स्वयंपाकघरात चहा करते, म्हणून यातलं पुष्कळसं माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे.

नेव्हिल बसडेपोत मेकॅनिक होता. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर वेळ झाला नाही म्हणायचा, जणू बसच चुकली. बोलायला कमी. स्वतःचा फासा चांगला पडला की समोरच्याची माफी मागायचा. दर शनिवारी तो लढाईसाठी छोट्या घरांचं आपलं अख्खं गाव केळ्यांच्या दोन खोक्यांत भरून बसने आणायचा. ड्रायव्हर ओळखीचे, तो खोकी नीट ठेवीपर्यंत बस हलवत नसत.

ते गाव त्याने बांधलेलं नव्हतं. बांधलं होतं सिरिल हॅलमने. सिरिल रेल्वेत सिग्नलवर होता. आपल्या मागच्या खोलीत त्याने भिंतीपासून भिंतीपर्यंत छोटी रेल्वे उभारली होती आणि रुळांच्या कडेने आमचा जुना स्टेशन रोड, जसा त्याच्या तरुणपणी होता तसा. बँक, खाटकाचं दुकान, चॅपल, ओळीने घरं, शेवटी स्टेशन. आता तिथे गाड्या लावायची जागा आहे. पण सिरिलच्या खोलीत एकेक वीट शाबूत होती. खाटकाच्या दुकानाचा उंबरा मधोमध झिजलेला होता, तोही त्याने झिजवून घेतला होता.

सिरिल आणि नेव्हिल शाळेपासूनचे दोस्त. सिरिल लढायांना हसायचा. "म्हातारे झालात तरी शिपाई-शिपाई खेळता," असं म्हणायचा आणि मग आपल्या इंजिनाची शिटी वाजवायचा.

छातीचं दुखणं वाढलं तेव्हा दवाखान्यात त्याने नेव्हिलला बोलावून घेतलं. गाड्या पुतण्याला दिल्या होत्या, घरं नेव्हिलला दिली. लढ काय लढायचं ते, म्हणाला. फक्त एक, छपरं काढायची नाहीत. नेव्हिलने शब्द दिला. दुसऱ्या आठवड्यात सिरिल गेला.

इथे क्लबचे दोन नियम सांगायला हवेत. घरात शिपाई लपवायचे तर छप्पर झाकणासारखं निघायला हवं, म्हणजे आत कोण आहे, कोणत्या खिडकीशी आहे, यावर भांडण नको. छप्पर निघत नसेल तर त्या घरात कुणी शिरायचं नाही. दुसरा नियम असा, की ज्याने गाव आणलं, त्यानेच ते राखायचं. छोटी रेल्वे मांडणारे छप्पर सरसकट चिकटवूनच टाकतात, त्यांना आत शिरायचं नसतं. तेव्हा नेव्हिलचं गाव हॉलमधलं सगळ्यांत सुंदर, आणि त्याचेच शिपाई बोळांत, भिंतींना पाठ लावून उघड्यावर उभे. चहापर्यंत ते सगळे आडवे झालेले असायचे. नेव्हिल त्यांना खोक्यात परत ठेवायचा, घरांवरची धूळ रंगाच्या कुंचल्याने झटकायचा आणि बस पकडायचा.

प्लंबर बॅरी ऑगडेन क्लबचा सेक्रेटरी. तो म्हणायचा, "नेव्हिल, तुझ्या गावाला शिपाई कशाला हवेत? एक कुलूप लाव ना बाबा." सगळे हसायचे. नेव्हिलही हसायचा. फ्रान्समधली लढाई असली की बँकेवर आणि खाटकाच्या दुकानावर तो फ्रेंच पाट्या लावायचा, त्याही सहज निघतील अशा मेणाने. घरांना इजा नको.

त्या वर्षी ईस्टरला शेजारच्या मार्सबी गावाचा क्लब आमच्याकडे सामन्याला यायचा होता. बॅरीने आधीच सांगून टाकलं, की पाहुण्यांपुढे ही शोभा नको. छपरं उघडणार असतील तर नेव्हिलचं गाव मांडू, नाहीतर क्लबने नवीन घरं घेतली आहेत, पातळ लाकडाची, लेझर मशिनने कापलेली. मी ती घरं पाहिली होती. त्यांना जळल्याचा वास येत होता. पण छपरं मात्र लगेच निघायची.

नेव्हिल म्हणाला की मग मी माझं गाव आणणार नाही. त्याला राग आल्याचं दिसलं नाही. पण त्या शनिवारी त्याने चहा घेतला नाही. शनिवारखेरीज त्याला आठवडाभर दुसरं काही नव्हतं, हे बॅरीलाही ठाऊक होतं. बॅरी म्हणाला, "मी तरी काय करू?" आणि त्याचंही खरंच होतं.

दिलेला शब्द म्हणजे देवापुढे ठेवलेला नारळ, परत उचलायचा नाही, असं मी आमच्या मराठी घरात लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे नेव्हिलला कुणी वेडा म्हटलं की मी गप्प बसायची. तो वेडा वाटत नव्हता. पण तो सुखात आहे, असंही वाटत नव्हतं.

सिरिलची बायको डोरीन हिचे गुडघे गेलेले, म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर मी तिला घरी पोचवते. त्या रविवारी दारात नेव्हिल उभा होता, पायाशी केळ्यांची दोन्ही खोकी. म्हणाला, घरं परत आणली आहेत.

"परत? माझ्याकडे?" डोरीन म्हणाली. "जन्मभर त्या खोलीत मी पाय जपून टाकला. आता कुठे तिथे इस्त्रीचं टेबल मांडलंय."

तिने त्याला आत घेतलं, किटली ठेवली आणि काय झालं ते विचारलं. तो हवेबद्दल बोलला. तिने पुन्हा विचारलं. मग त्याने सगळं सांगितलं. बॅरीचं, सामन्याचं, दवाखान्यातल्या शब्दाचं. शब्दाचं तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

"छपरं काढू नको म्हणाला. का, ते सांगितलं?"

"मी विचारलं नाही."

"तू कशाला विचारशील. शाळेपासूनचे दोस्त तुम्ही. पावसापलीकडे कधी काही बोललात का?"

तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, खोक्यातून बँक उचलून त्यावर ठेवली आणि खणातून लोण्याची पातळ सुरी काढली. नेव्हिल उठून उभा राहिला. तिला अडवावं की नाही हे त्याला कळेना. शेवटी तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. डोरीनने छपराखालच्या फटीत सुरी घातली आणि हळूहळू चारही बाजूंनी फिरवली. टक् असा आवाज झाला. नेव्हिलचे खांदे वर गेले.

"वळ इकडे," ती म्हणाली.

तो वळला नाही. मी बघितलं. बाहेरून एकेक वीट रंगवलेली ती बँक आतून कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची होती. छापील अक्षरं उलटी, आडवी, कशीही. भिंती वाकू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्यांचे टेकू दिलेले, डिंकाचे पिवळे गोळे, आणि दोन भिंती धरून ठेवायला कपड्यांचा एक चिमटा. तो सिरिल काढायला विसरला होता, किंवा त्याला काढता आला नव्हता.

"माझा चिमटा," डोरीन म्हणाली. "आणि या पुठ्ठ्यासाठी मला वर्षानुवर्षं सकाळी तेच खावं लागलं. मला अंडं आवडतं."

आता नेव्हिल वळला. पुष्कळ वेळ त्याने आत पाहिलं. मेकॅनिकची नजर. कुठे काय कशाने धरलंय, हे तो बघत होता.

"त्याला लाज वाटायची," डोरीन म्हणाली. "सगळे वाकून वाकून वाहवा करायचे ना. मागे एकदा पुतण्याने इंजिनघराचं छप्पर उचलायला हात घातला, तर आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही."

"म्हणजे त्याला घरांची काळजी नव्हती."

"स्वतःची होती."

नेव्हिल खाली बसला. म्हणाला की कारण काही असलं तरी शब्द तो शब्दच, आणि तो मी दिलेला आहे.

"तू दिलास. मी कुणाला दिलेला नाही," डोरीन म्हणाली. "माझ्याकडे मागायचं त्याला सुचलं नाही, ती त्याची चूक. बस गप्प. चहा निवतोय."

मग तिने खाटकाचं दुकान घेतलं, चॅपल घेतलं, ओळीतली घरं घेतली. नेव्हिलने एकालाही हात लावला नाही, फक्त पुढचं घर खोक्यातून काढून तिच्यासमोर ठेवत गेला. सगळीकडे तेच कॉर्नफ्लेक्स निघाले. सगळ्यांत शेवटी स्टेशन आलं. डोरीनने ते हातात घेतलं, फलाटाच्या बाजूने आणि रस्त्याच्या बाजूने बघितलं, आणि सुरी पुसून ठेवली.

"आता माझा हात दुखतो," ती म्हणाली. "हे त्याचं राहू दे."

दुसऱ्या दिवशी करू, असं ती म्हणाली नाही, आणि नेव्हिलनेही विचारलं नाही.

ईस्टरपर्यंत नेव्हिलने दुसरं काही केलं नाही. आतले डिंकाचे गोळे खरवडून काढले, आइस्क्रीमच्या काड्यांची जमीन घातली, भिंतींना कागद लावले. म्हणाला की छप्पर उघडलं तर लोक आत बघणार, तेव्हा सिरिलची मान खाली जायला नको. भिंतींचे रंग डोरीनला विचारले. ती जुन्या स्टेशन रोडवरच्या प्रत्येक खऱ्या घराबद्दल सांगत गेली. कुणाकडे निळा कागद होता, कुणाच्या माडीवर ओल यायची. बँक मात्र कोरी ठेव म्हणाली, तिथे कुणी कधी तिला बस म्हटलं नव्हतं.

मार्सबीचा म्होरक्या एक दाढीवाला दातांचा डॉक्टर होता. पहिलंच छप्पर उचललं, आणि तो फासा हातात धरून आत बघतच राहिला. मग आपल्या माणसांना बोलावून त्यांना दाखवलं. कुणाचं काम आहे, असं त्याने विचारलं. नेव्हिलने सिरिलचं नाव सांगितलं. डोरीन माझ्याशेजारी केक खात होती. तिने नेव्हिलकडे एकदा पाहिलं आणि केक संपवला.

त्या दिवशी नेव्हिल लढला. शिपाई घरांत होते, खिडक्यांशी होते. मार्सबीवाल्यांना खाटकाच्या दुकानापुढे पाऊल टाकता येईना. चहाच्या वेळी गाव शाबूत होतं, असं कधी झालं नव्हतं. चहा घेतानाही बॅरी टेबलाभोवतीच फिरत होता, आणि बचावातली फट त्यालाच आधी दिसली. तो नेव्हिलच्या कानाशी लागला. मला ऐकू आलं, कारण बॅरीला कुजबुजता येत नाही.

"स्टेशन मोकळं आहे रे. ते त्याच बाजूने येणार. छप्पर सोडव, आत चार शिपाई टाक. माझ्या खिशात चाकू आहे."

"ते डोरीनचं काम आहे," नेव्हिल म्हणाला.

बॅरीने डोरीनकडे पाहिलं. डोरीन दुसरा तुकडा घेत होती. "माझा हात अजून दुखतोय," ती म्हणाली, आणि त्याच हाताने तिने बशी पुढे केली.

मार्सबीवाले स्टेशनच्या बाजूनेच आले. फलाट ओलांडला, मागच्या बोळातून बँक घेतली, आणि हॉलच्या चाव्या परत द्यायच्या वेळेआधी गाव पडलं. नेव्हिलने दातांच्या डॉक्टरशी हात मिळवला. त्याने माफी मागितली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

नंतर खोकी भरायला बॅरी मदतीला आला. एकेका घरावर तो छप्पर बसवून देत होता. स्टेशन त्याने दोन्ही हातांनी नेव्हिलकडे दिलं.

"हे असंच ठेवलंस तर तू पुढेही हरणार," बॅरी म्हणाला.

"हो," नेव्हिल म्हणाला. "पण आता एकाच बाजूने."