दादाच्या काउंटरवरची फॉलिक

मेडिकलवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ते डॉक्टरची चिठ्ठी घेऊन स्वतःच चालत येतात! आमचं दुकान कोपरीत. दादा फार्मासिस्ट, मी आठवीत शाळा सोडून त्याच्याकडे डिलिव्हरीला. परवा दादाचा जलदानविधी झाला. बाइकवरून पडला आणि गेला. घरात सगळे डोळे पुसत होते आणि मला एकामागून एक दादाचे किस्से आठवून हसू फुटत होतं. मामा म्हणाला, "याला बाहेर न्या रे!" बाहेर गेलो, तर मामाच मागोमाग आला. "तो सासू-सुनेचा सांग ना."

*

त्या दोघी डोंबिवलीच्या. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस जायच्या आधीपासून घ्यायची असते. पण नवी सून घराजवळच्या मेडिकलमध्ये ती मागायला गेली, की संध्याकाळपर्यंत अख्खी बिल्डिंग पेढे मागते! म्हणून ही सून गुपचूप कोपरीत आली. "फॉलिक द्या," म्हणाली आणि बाजूला बघते तर सासू! तिच्याही हातात फॉलिकचीच चिठ्ठी.

"मला डॉक्टरनी दिलीय. रक्त कमी आहे," सासू म्हणाली.

"मलापण... रक्तच कमी आहे," सून म्हणाली.

दादाने दोघींकडे बघितलं. "मग आधी घरातले ढेकूण मारा!"

*

कोलशेतचा एक नवरा तर भांडायलाच आलेला. "बायकोला अजून दिवस गेलेले नाहीत, मग डॉक्टरनी गोळी कोणासाठी दिली?"

"अरे, बाळाचा मेंदू आणि मणका अगदी सुरुवातीलाच बनतो. बायकोला कळेपर्यंत बरंचसं काम उरकलेलं असतं. पाहुणे पाटावर बसल्यावर तांदूळ आणायला जातोस का?"

त्याला पटलं. इतकं पटलं की म्हणाला, "मग डबल डोस द्या!"

"डॉक्टरनी लिहिलीय तेवढीच घे. मणका एकच बनवायचाय!"

*

एका आजोबांना सांधेदुखीवर मेथोट्रेक्सेट लिहून दिलेली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतते. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक, पण दुसऱ्या दिवशी. दादाने मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर मार्करने लिहिलं, 'फक्त रविवारी'.

आजोबा हसले. "अरे, रिटायर माणसाला रोजच रविवार!"

दादाने स्ट्रिप परत ओढून घेतली आणि तिथूनच त्यांच्या नातीला फोन लावला. तेव्हापासून गोळ्या नातीच्या ताब्यात. आजोबा येऊन कुरकुरायचे, "ऑफिसातला साहेब बरा होता रे!"

*

पायाला मुंग्या येतात म्हणून एक काकू शेजारणीच्या सांगण्यावरून स्वतःच फॉलिक खात होत्या. दादाने दिलीच नाही. "आधी बी-ट्वेल्व तपासा. ते कमी असेल तर फॉलिकने रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसेल आणि आतून नसा खराब होत राहतील."

"दुकानदार आहेस की दुश्मन?"

"दुकानदारच आहे, काकू. म्हणून तर तुम्ही चालत यायला पाहिजेत!"

*

आता वहिनीचा. वहिनीला दुसरा महिना. रोजची गोळी दादाच द्यायचा. तो गेल्यापासून तिने गोळीला हात लावलेला नाही. आईने विनवलं, डॉक्टरीणबाईंनी फोनवर समजावलं. "बाळासाठी तरी घे," सगळे म्हणाले. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली.

काल माझं डोकंच सटकलं. तिच्यासमोर पाण्याचा ग्लास आपटला. "दादा दुनियेला ओरडून सांगायचा आणि त्याच्याच घरात गोळी अशी पडून? नको ना तुला? मीच खातो!"

आणि खाल्ली! पाणी नाकात गेलं, ठसका लागला. खोकतोय की रडतोय, माझं मलाच कळेना. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

वहिनी उठून बसली. माझी पाठ थोपटली. मग स्ट्रिपमधून एक गोळी काढली आणि माझ्याच उरलेल्या पाण्याबरोबर गिळली. ग्लास खाली ठेवत म्हणाली, "मला दुसरा. भावजी, तुम्हाला कितवा?"