ऐन हंगामात बोटीवर

जर्मनीतल्या नदीवर आमची बोट दोन दारांमधल्या हौदात थांबली आहे. पाणी भरून ती वर उचलली जाईपर्यंत खिडकीत फक्त शेवाळलेली भिंत. भिंतीशी घासाघीस करता येत नाही. मी द्राक्षांचा व्यापारी. ऐन हंगामात मुलाने मला न विचारता या सहलीला धाडलं आणि बागांचे सौदे स्वतःच्या हातात घेतले. इथे उतारांवर वेलीच वेली, पण अजून नुसते कोंब.

मघाशी फोनवर मी ओरडलो, "घडाच्या शेंड्याचा मणी चाखलास का? तो सगळ्यात शेवटी गोड होतो!"

"चाखला, बाबा. आंबट होता, म्हणून बाग सोडली."

"घ्या! आता कुणाशी भांडाल?" बायको हसली.

शाबास म्हणायचं, तर राग सोडावा लागेल. आणि तोही सोडला, तर घरी परतल्यावर मी करायचं काय?