कुलपातला पत्ता

जयवंताबाईंचं घर केदारखेड्यात आहे. वर्षातला बराच काळ त्या तिथे नसतात. म्हणजे त्या तिथे राहत नाहीत, हे मात्र त्यांना आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

दिवाळी सरली की घराला कुलूप लागतं. घोडीवर बिऱ्हाड चढतं, पुढे मेंढरं, मागे कुत्रं आणि बाजूने, न बोलता, त्यांचे मालक राधाकिसन. जाफराबादवरून पुढे घाटाखाली उतरायचं. ज्याचं वावर मोकळं झालं असेल त्याच्या वावरात जाळ्याची वाघूर ठोकायची आणि मेंढरं आत बसवायची. लेंडीखताने जमीन सुधारते, म्हणून शेतकरी आधीच सांगून ठेवतात, बदल्यात ज्वारी देतात. पेरणीच्या तोंडावर कुलूप उघडतं. ह्याला जयवंताबाई कामावर जाणं म्हणतात. मास्तर रोज शाळेत जातो, म्हणून तो शाळेत राहतो असं कुणी म्हणत नाही.

गेल्या हंगामात अजून तळ गावाजवळ, भोकरदन तालुक्यातच होता, तेव्हा एक बाई पाणी मागायला वाघुरीपाशी आली. कडेवर पोर. कापूस वेचणाऱ्या टोळीतून ती मागे राहिली होती. मुकादम तिला न घेताच निघून गेला होता. नाव शोफिका. तिचं गाव म्यानमारात होतं. ते जाळलं गेलं, त्यात नवराही गेला. पळत, लपत ती हैदराबादला पोचली आणि तिथे जी बोली शिकली ती जयवंताबाईंना निम्मी आपलीच वाटली. इथे राहायचा कागद तिच्याकडे नव्हता. होतं ते एक कार्ड, ही बाई निर्वासित आहे असं सांगणारं, दिल्लीतल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाने दिलेलं.

जयवंताबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "फोटू बराबर आला न्हाई तुझा," म्हणाल्या, आणि भाकरी वाढली. पोरीचं नाव जिभेवर बसेना, तेव्हा तिला छकुली केलं.

शोफिका राहिली. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायला ती शिकली. मग एका बाजारच्या दिवशी ती मीठ-मिरची आणायला भोकरदनला गेली आणि आली नाही. कुणीतरी तिचं बोलणं ऐकून पोलिसांना कळवलं होतं. कागदाशिवाय देशात राहिल्याचा गुन्हा दाखल झाला; छकुलीही आईबरोबर आत गेली.

ही बातमी घेऊन तळावर आली ती मोनाली, जाफराबादची तरुण वकील. गरिबांना फुकट वकील मिळतो त्या योजनेतून हे प्रकरण तिच्याकडे आलं होतं. कुसळांनी भरलेली सलवार सावरत ती दगडावर बसली.

"मावशी, कोर्टानं जामीन दिलाय. पण इथला कायमचा राहणारा, जमीन असलेला जामीनदार पाहिजे. तारखेला तिला हजर करायची हमी घेणारा. कुणीच तयार नाही."

"आन न्हाई भेटला तर?"

"तर तिला परदेशी लोकांना डांबतात त्या दूरच्या केंद्रात ठेवतील. तिथून परत पाठवायची तयारी सुरू होईल."

"परत कुठं? गाव तं जळालं ना तिचं."

"तेच मला कोर्टात सांगायचंय. पण त्यासाठी ती इथं असायला पाहिजे."

जयवंताबाईंनी मालकांकडे पाहिलं. राधाकिसन घोडीच्या पाठीवरची गोचीड काढत होते.

"आपुन जामीनदार?" ते म्हणाले. "आपल्या गल्लीतलं कुत्रं आपल्यावर भुकतं दरसाली."

"ते कुत्रं नवं हाये," जयवंताबाई म्हणाल्या. जमीन त्यांच्या नावावर होती, त्यामुळे चर्चा तिथेच संपली.

कोर्टात त्यांना विचारलं, राहता कुठे? केदारखेड्याला. कायमच्या? कायमच्या. मोनालीने पुढे काही विचारलं नाही, कारण उत्तर फारच छान आलं होतं.

पत्त्याची खात्री करायला भुजंग नावाचा हवालदार केदारखेड्याला गेला. त्याने लिहून आणलं : घरास कुलूप. कुलपास कोळ्याचे जाळे. शेजारी सांगतात, पेरणीला येतील.

सरकारी वकिलांना फारसं बोलावं लागलं नाही. "साहेब, जिचा स्वतःचाच ठिकाणा नाही, ती दुसरीला हजर काय करणार?"

बाहेर चिंचेखाली मोनालीने कपाळाला हात लावला. "मावशी, तुम्ही कोर्टात खोटं बोलल्या असं झालंय."

"म्या? घर केदारखेड्यातच हाये. पळालं का ते?"

"तुम्ही तिथं नसता ना!"

"कामावर गेल्ते मी."

मोनालीने कपाळावरचा हात काढला. मग आत जाऊन तिने विनंती केली, की जामीनदार घरात आहे का हे पाहिलं, आता ती सापडते का हे पाहावं. न्यायाधीश साहेबांनी पुन्हा भुजंगलाच पाठवलं. भुजंगला हे आवडलं नाही.

त्याने मोटारसायकल काढली आणि पहिल्याच गावच्या पारावर विचारलं. म्हाताऱ्याने मान न वळवता सांगितलं, "काल इथं व्हते. आज कडूबाच्या वावरात, वढ्याच्या पल्याड. उद्या बसतील त्याच्या भावाकडं. परवाचा नंबर माझा हाये, तिला काही करू नका."

कडूबाच्या वावरात वाघूर होती. वाघुरीत जयवंताबाई होत्या.

"या भाऊ. एवढं धरा जरा," म्हणून त्यांनी एक कोकरू त्याच्या हातात दिलं. "पायात काटा हाये त्याच्या."

"मी चौकशीला आलोय, बाई."

"करा ना. हात तेवढा घट्ट ठेवा."

भुजंगचा दुसरा अहवाल साहेबांनी कोर्टात मोठ्याने वाचला. जामीनदार फिरती आहे. मात्र आज कुठे, उद्या कुठे व परवा कुठे, हे वाटेतल्या सर्व लोकांस ठाऊक आहे. सांगितल्या जागीच मिळून आली. गणवेशास लेंड्या लागल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, उद्या तुम्ही पळून गेलात तर?"

"एवढी मेंढरं घेऊन कसं पळू, साहेब? आवाज येतो."

सरकारी वकीलही खाली पाहून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी जामीनदार मान्य केला आणि अटी सांगितल्या. शोफिकाने केदारखेड्याच्या घरात राहायचं, दर आठवड्याला ठाण्यात हजेरी द्यायची, तालुका सोडायचा नाही. आणि जामीनदाराने, बोलावलं की त्याच दिवशी यायचं.

जयवंताबाई "व्हय" म्हणून गेल्या. शेवटच्या अटीचा अर्थ राधाकिसननी बाहेर आल्यावर सांगितला. "म्हंजे घाटाखाली न्हाई जायचं."

"न्हाई जायचं."

"मंग मेंढरं काय खातील?"

"इथलंच. जरा जल्दी चालू."

त्या साली कळप तालुक्यातच फिरला. चारा अपुरा पडला, काही मेंढ्या वाळल्या, दोन मेल्या. त्या दोन्हींची नावं जयवंताबाईंना येतात, पण घेत नाहीत. कडूबाच्या वावराला दोनदा खत मिळालं आणि तो मात्र कोर्टाचं भलं चिंतू लागला. खटला अजून चालू आहे. शोफिकाला परत पाठवू नये, हा मोनालीचा अर्जही प्रलंबित आहे.

भुजंग अधूनमधून तपासणीला केदारखेड्याला जातो. कुलूप नसतं. ओसरीवर छकुली गल्लीतल्या कुत्र्याला दटावत असते. भुजंग दारातूनच विचारतो, जामीनदार कुठे आहे? आतून शोफिका हैदराबादी वळणाने सांगते, "मौसी कामावर गई. आज वढ्याच्या पल्याड."

तो तिथे जाऊन खात्री करत नाही. लिहितो : जामीनदार घरी नाही. घर उघडे आहे.